हिरवा दिवा

तालुक्याच्या कोर्टासमोर बसणाऱ्या नोटरी मंदाताई घोडक्यांनी ऋजुताचा अंगठा यंत्रावर टेकवून घेतला. आजारी भावाला मूत्रपिंड देण्याचं तिचं संमतिपत्र होतं. सही मनापासून केलीय की नाही, हे यंत्र सांगायचं. हिरवा दिवा लागल्याशिवाय शिक्का मारायचा नाही, असा कायदाच झाला होता.

दिवा लाल लागला.

"मला भीती वाटते," ऋजुता पुटपुटली.

"ताई, पोरगा हातचा जाईल हो माझा!" तिचे वडील काकुळतीला आले. मंदाताईंनी नकारार्थी मान हलवली. मनातून त्यांना सुटल्यासारखं झालं.

वडील लेकीला घेऊन समोरच्या औषधांच्या दुकानात गेले. परतली तेव्हा ऋजुता मंद हसत होती. कसली गोळी दिली, हे मंदाताईंना विचारावं लागलं नाही. लाल दिवा लागलेले सगळेच हल्ली तिथे जात.

"आता भीती नाही वाटत, बाळा?" तिचा अंगठा पुन्हा यंत्रावर टेकवत मंदाताई म्हणाल्या.

"कशाची?" ऋजुताने विचारलं.

दिवा हिरवा झाला. वडील हुंदके देऊन रडू लागले. ऋजुता त्यांच्याकडे नवलाने बघत राहिली.

मंदाताईंचा हात घुटमळला. पण हिरव्या दिव्याला नकार द्यायची मुभा नोटरीला नव्हती. त्यांनी शिक्का मारला आणि मुलीकडे न बघताच कागद पुढे सरकवला.