ताबा

भुयारातल्या त्या स्टेशनात एका रेल्वे कंपनीची हद्द संपायची, दुसरीची सुरू व्हायची. गाडी तीच, चालक तेवढा बदलायचा. उतरणारा सलाम करून “सगळं ठीक” म्हणायचा. चढणाऱ्याने “ताबा घेतला” म्हटल्याशिवाय त्याला जागचं हलता येत नसे.

आज कुरामोचीसान उतरले, पुढे गाडी नेणाऱ्या चिझुरूला सलाम केला आणि गप्पच राहिले. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात त्यांच्या मागून एक तरुण चालक उतरला. “सगळं ठीक,” तो म्हणाला. मग हळूच, “काल तुम्ही सुट्टीवर होतात. कुरामोचीसान इथवर पोचलेच नाहीत. वाटेतच, खुर्चीत बसल्या बसल्या गेले.”

चिझुरूने त्याच्या शेजारी, अजून सलामातच उभ्या असलेल्या कुरामोचीसानांकडे पाहिलं. तिचा हात सलामासाठी कपाळाशी गेला.

“ताबा घेतला, कुरामोचीसान. या तुम्ही आता.”

मग कुठे त्यांचा हात खाली आला.