गालातला खडा

"ताई, काकांना चहा पाजतेस की आंघोळ घालतेस?" हिकमतने कुंपणापलीकडून विचारलं.

"आत्ता कुठे दुसरा पेला आहे," नाझिरे म्हणाली. "तू तुझे चार मोजत बस."

तुर्कस्तानातल्या मर्सिनच्या समुद्राकाठी दोघांच्या उघड्यावर टेबलं मांडलेल्या चहाबागा एकमेकींना खेटून होत्या. नगरपालिका आता एकच ठेवणार होती. भांडून दमल्यावर दोघांनी वेहबी काकांना पंच नेमलं. काका दोन्हीकडे चहा पिणार. ज्याचे पेले जास्त, तो राहणार. दुसऱ्याने टेबलं उचलायची.

सकाळी हिकमतकडे काकांनी चौथ्या पेल्यावर चमचा आडवा ठेवला होता. चमचा आडवा म्हणजे बास, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. काका जुन्या वळणाचे; तोंडाने 'नको' म्हणून चहा करणाऱ्याचा अपमान त्यांनी जन्मात केला नव्हता.

हिकमतची अक्कल नाझिरेला तिथेच कळली. काका मूळचे एरझुरुमचे. तिकडचा माणूस साखर ढवळत नाही. कडक खडा गालात धरतो आणि वरून बिनसाखरेचा चहा पितो. त्याला चमचा कशाला? तिने बशीत फक्त खडा ठेवला. मान द्यायचा तर असा.

दमट हवेने शर्ट पाठीला चिकटत होते. तरी काका पीत होते. पेला रिकामा झाला की नाझिरे दुमजली किटली घेऊन हजर. चहा सशाच्या रक्तासारखा लाल. बावीस वर्षांत तिने तो रंग एकदाही उतरू दिला नव्हता.

तिसऱ्या पेल्यानंतर काकांची बोटं बशीत चाचपडली. खडा संपला वाटतं. तिने लगेच दुसरा ठेवला. "लाजू नका, काका."

पाचव्याला आजूबाजूच्या टेबलांवरून टाळ्या पडल्या. सातव्याला काकांनी कपाळ पुसलं.

"गावची आठवण येते ना?" तिने विचारलं.

काकांनी नुसती मान हलवली.

नववा संपला तेव्हा हिकमत कुंपण ओलांडून आला. "हरलो, ताई. उद्या टेबलं उचलतो. असा चहा माझ्याच्याने व्हायचा नाही."

"चहा सगळेच करतात रे," नाझिरे दहावा भरत म्हणाली. "माणूस ओळखता आला पाहिजे."

हिकमत खाली मान घालून गेला. काकांनी तिला जवळ बोलावलं. इतकं हळू बोलले की तिला वाकावं लागलं.

"पोरी, तिसऱ्यापासून चमचा शोधतोय. आता तरी एक दे."