तीन वाजताचा कॉल

व्हिडिओ कॉल्समुळे ऑफिसचं नेटवर्क मेटाकुटीला आलं, तेव्हा ते सांभाळणाऱ्या इंजिनिअरने प्रत्येक कॉम्प्युटरवरच्या व्हिडिओचा वेग कमी करून टाकला. संध्याकाळी त्याच ऑफिसात खरेदी विभागात असलेली त्याची बायको म्हणाली, "तीन वाजता आईचा कॉल आला आणि चित्र जे अडकलं, ते दहा मिनिटं तिचं तोंड उघडंच. माझ्यापुरता वेग वाढव ना."

"नियम सगळ्यांना सारखा."

"तुझ्या कॉम्प्युटरलासुद्धा?"

"माझं वेगळं आहे. मला नेटवर्क तपासावं लागतं."

"बरं," म्हणून बायको फोन घेऊन गॅलरीत गेली. खरं तर तो तिथेच सावध व्हायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी बरोबर तीन वाजता त्याच्या स्क्रीनवर सासूबाई आल्या. चित्र इतकं स्वच्छ, की चष्म्यावरचे बोटांचे ठसेही दिसत होते.

"जावईबापू, लेक म्हणाली, अख्ख्या ऑफिसात एक तुमचाच कॉम्प्युटर धड चालतो. म्हणून आता रोज तुमच्याशीच बोलणार. कालचं माझं सगळं अर्धवट राहिलंय, तेव्हा अगदी पहिल्यापासून सांगते."