एकही गोळी चुकली नाही

दवाखान्यात दादाच्या खाटेभोवती आम्ही पाच जण होतो: आई, मी, होणारी वहिनी आणि तिचे आईबाबा. लग्नाआधी पोट उतरवायचं म्हणून दादाने व्यायामशाळेत पहिल्याच दिवशी तीनशे बैठका मारल्या होत्या. आता मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या आणि लघवी काळ्या चहासारखी.

"कुठली गोळी चालू आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याची नैराश्यावरची गोळी फक्त आम्हा दोघांना माहीत होती.

"छे हो!" वहिनीचे बाबा हसले. "औषधवाल्याने जावईबापूंचं तोंडही पाहिलं नसेल. नीट चौकशी करूनच होकार दिलाय आम्ही."

"नाही, काहीच चालू नाही," मी म्हणाले.

गोळी बंद झाली तर तो पुन्हा महिनोन्महिने अंथरुणातून उठणार नाही, याची मला धास्ती होती. म्हणून रोज सकाळी सगळ्यांची नजर चुकवून मी ती त्याला देत राहिले.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "स्नायूंना किती इजा झाली ते सांगणारा हा आकडा दोनशेच्या आत हवा. सलाइनने तो एव्हाना उतरायला हवा होता. नैराश्यावरच्या गोळीने ही इजा वाढू शकते, पण याला तर कसलीच गोळी नाही. कोडंच आहे."

त्यांनी रिपोर्ट माझ्या हातात दिला.



पहिला दिवस: एकसष्ट हजार. चौथा दिवस: एक लाख चार हजार.