बाबांच्या घड्याळाची बॅटरी

बाबांचं घड्याळ पुन्हा बंद पडलं, तसा मुलानं चष्म्याच्या दुकानातूनच घरी फोन लावला.

"बाबा, हृदयाचं ऑपरेशन झालंय तुमचं! ठोके मला इथे मोबाइलवर दिसावेत म्हणून दिलंय ना ते घड्याळ? एक दिवसाआड चार्जिंगला लावायचं, एवढंही जमत नाही?"

"खोक्यावर तर आठवडाभर चालेल असं लिहिलंय," बाबा पुटपुटले.

"खोक्यावर काहीही लिहितात! माणसाला स्वतःची काळजी नको?" गिऱ्हाइकाच्या देखत तो ओरडला.

तिकडे आईनं फोन हिसकावून घेतला. "बास झालं. तू लोकांना चष्मे लाव, बापावर डोळे वटारू नकोस. यापुढे घड्याळ बंद पडणार नाही. मी बघते."

आई शब्दाची पक्की. उशांचे अभ्रे शिवून तिनं अख्खा संसार ओढला होता. त्या दिवसापासून बॅटरी एकदाही संपली नाही. वर नवल म्हणजे, पाण्याचा पेलासुद्धा खुर्चीत बसून मागणारे बाबा पहाटेपासून चालायला लागले. मोबाइलवर पावलंच पावलं.

"बाबा एवढे चालतात?" त्यानं आईला विचारलं.

"आकडे दिसतात ना तुला? मग मला कशाला विचारतोस?"

मुलगा भेटेल त्याला सांगायचा, "चार शब्द सुनावले, म्हणून सुधारले."

मग एका दुपारी मोबाइलवर लाल इशारा आला. ठोके चुकत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मुलानं दुकानाला कुलूप लावलं, घर गाठलं आणि बाबांना हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. बाबा तरातरा जिना चढले. आई मधल्याच पायरीवर टेकली.

"गुडघे, दुसरं काय," ती म्हणाली.

सगळ्या तपासण्या झाल्या. "ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले. "घड्याळ बघू."

आईनं ते पिशवीतून काढून दिलं. बाबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तिनं डोळे मोठे केले.

"बॅटरी उतरली, पट्टा सैल झाला, की ही खेळणी वाट्टेल ते दाखवतात," डॉक्टर म्हणाले.

"बॅटरी भरलेली असते. मी भरते," आई म्हणाली. "आणि समजा, ते खरंच सांगत असलं तर?"

मुलगा हसला. "आई, तुला त्यातलं काय कळतंय? डॉक्टर बोलतायत ना?"

एरवी शेवटचा शब्द कुणाला न देणारी आई घड्याळ पिशवीत टाकून उठली.

दुकानात परतताच मुलानं मोबाइलवरचे इशारे बंद करून टाकले. कटकट गेली.

महिना सरायच्या आत आई शिवता शिवता मशीनवरच कोसळली. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. मुलाला पटेना. आईनं कधी साधं डोकं दुखतंय म्हणूनही सांगितलं नव्हतं.

सगळं आटोपल्यावर तो बाबांजवळ बसला. त्यांचं मनगट मोकळं होतं.

"बाबा, घड्याळ काढत जाऊ नका हो. आता तुम्हीच उरलात मला."

बाबांनी मनगट चोळलं.

"मला त्या पट्ट्यानं पुरळ यायचं रे. काढून ठेवायचो, मग चार्जिंगचं विसरायचो," ते म्हणाले. "तू फोनवर ओरडलास ना, त्या दिवसापासून ते तीच आपल्या मनगटावर बांधायची."