ऐन श्रावणातले मासे

"मासे? आमच्या टाकीत? आणि तेही श्रावणात?" हळबेकाकू गच्चीवर सोसायटीच्या टाकीसमोर हात पसरून उभ्या राहिल्या.

हरित पक्षाच्या नगरसेविका मृदुलाताईंनी पाण्याची पिशवी वर धरली. आत इवलेइवले गप्पी मासे पळत होते. "काकू, हे खायचे नाहीत, टाकीत सोडायचे. तुमच्याकडे डेंग्यूचे पेशंट वाढताहेत."

"आधीचा नगरसेवक निदान धूर तरी करायचा! आणि हे खातात काय?"

"डासांच्या अळ्या."

"म्हणजे मांसाहारीच की! श्रावण संपला की आणा."

मृदुलाताईंनी वाद घातला नाही. टाकीत पांढरी वाटी बुडवून त्यांनी ती काकूंच्या चष्म्यासमोर धरली. वाटीत अळ्या वळवळत होत्या.

काकूंचा चेहरा उतरला. सकाळीच याच पाण्याने त्यांनी महादेवाला अभिषेक केला होता.

"सोडा," त्या कशाबशा म्हणाल्या. "सगळे सोडा!"

दुसऱ्या दिवशी चौकात विरोधकांचा भलामोठा फ्लेक्स लागला: 'ऐन श्रावणात घरोघरी मासे वाटणाऱ्या नगरसेविकेचा जाहीर निषेध!'

मृदुलाताई धास्तावून ऑफिसवर पोचल्या, तर दारात ही रांग! आता घोषणा सुरू होणार म्हणून त्यांनी आधीच हात जोडले. पण कोणी तोंडच उघडेना. सगळे एकमेकांची नजर चुकवत होते आणि प्रत्येकाच्या हातात पिशवी होती.

रांगेत पहिले हळबेकाका होते. पिशवीतून रिकामा डबा काढत ते ताईंच्या कानाशी वाकले.

"हिला सांगू नका हं. सुरमई आहे का?"