अत्तरवाली

गवराबाईनं केवड्याच्या अत्तराची कुपी भिंतीवर आपटली आणि "आली न्हाई, अजून आली न्हाई!" असं ओरडत ती दाराकडं धावली. सुनेनं, पुतळाबाईनं, तिला उंबऱ्यावरच कवेत धरलं. म्हातारीनं सुनेच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. घरभर केवडा दरवळत होता. बाहेर दिवेलागण होत होती.

"पिंपरी क्यांपातलं अत्तर वाया गेलं म्हन की," शेजारच्या शालनबाईनं दारातून हळहळ दाखवली.

"वाया कशानं? भिंत बघा कशी गप झाली," पुतळाबाई मनगटाला चिंधी गुंडाळत म्हणाली.

गवराबाईचं डोकं फिरायला लागलं त्याला वर्ष होत आलं होतं. मुलगा समोर उभा राहिला तरी ती त्याला "पाव्हणं, कुठलं?" विचारायची. पण नाक शाबूत होतं. या नाकाचा कुरुळी गावात दरारा होता. लग्नघरात नुसत्या वाफेवरून ती आमटीतलं मीठ सांगायची आणि आचाऱ्याचा चेहरा उतरायचा. पुतळाबाई चाकणला कांद्याच्या वखारीत निवडणीच्या कामाला जायची. ती संध्याकाळी उंबऱ्याशी आली की आतूनच आवाज यायचा, "आधी मोरीत जा! कांद्याची पेठ घरात नको!" लग्न होऊन आल्यापासून एक दिवस चुकला नव्हता. सासूनं सुनेला कधी चांगलं म्हटल्याचं गावात कुणी ऐकलं नव्हतं, आणि असलं काही गावाच्या कानांतून सुटत नसतं.

सासू भ्रमिष्ट झाल्यावर पुतळाबाईनं आपणहून एक केलं. म्हातारीला आणखी त्रास नको म्हणून ती मळ्यातल्या विहिरीवरच शिकेकाई लावून न्हायची, धुवट लुगडं नेसायची आणि मगच घरी यायची. कांद्याचा मागमूस ठेवायची नाही. तरी म्हातारीचं ओरडणं वाढतच गेलं. दिवस कलला की "आली न्हाई" सुरू. कोण आली नाही, यावर गावानं डोकं चालवलं. कुणी म्हणालं, लहानपणी गेलेली लेक. कुणी म्हणालं, चोरीला गेलेली म्हैस. शालनबाईनं थेट देवीवर बोट ठेवलं. मध्यंतरी म्हातारी चाकणच्या रस्त्याला लागलेली सापडली, तेव्हा सगळ्यांचं एकमत झालं. त्याच रस्त्यानं पुढं खेड, आणि खेड तिचं माहेर.

एकदा दारातल्या मरव्याशी म्हातारी थबकली आणि घटकाभर निवली. पुतळाबाईनं ते हेरलं. मग ती वासांच्या मागं अशी लागली की एखादा दलाल मालाच्या मागं लागणार नाही. ऊद जाळला, चंदन उगाळलं, दवणा आणला, सासऱ्याची जुनी तंबाखूची चंची काढून उशाशी ठेवली. प्रत्येक वासाला म्हातारी थोडी थांबायची, हुंगायची, सुनेकडं परक्यासारखं बघायची आणि पुन्हा ओरडायची. दुसरी एखादी खाटेला बांधून मोकळी झाली असती. पुतळाबाई चावे खायची आणि नवा वास शोधायची. तिच्या जिद्दीला गाव हसलं, पण हसून झाल्यावर ज्यानं त्यानं आपापल्या सुनेकडं एकदा बघून घेतलं.

तिचा नवरा गेनू पिंपरीच्या कारखान्यात होता. आठवड्यानं घरी यायचा. त्यानं ते मनगट बघितलं आणि ठरवून टाकलं. "आता बास. शनिवारी आयला पुण्याला, वेड्यांच्या इस्पितळात नेतो."

"तितं त्यांना कोन वळखनार?" पुतळाबाई म्हणाली.

"हितं तरी कोन वळखतंय? ती तुला तरी वळखती का?"

"मी आल्याबिगर हलू नका," एवढंच पुतळाबाई बोलली.

शनिवार म्हणजे चाकणचा बाजार. वखारीत माल येऊन पडला होता. पुतळाबाईला निघायला उशीर झाला. ती धावतच सुटली. विहीर लागली, पण आज तिथं थांबायला सवड नव्हती. घरापुढं गाडी जुंपलेली होती. गेनूनं आईचे हात आपल्या पटक्यानं बांधून तिला गाडीत बसवलं होतं. म्हातारी ओरडून ओरडून घोगरी झाली होती. शालनबाई पदर डोळ्यांना लावून, पण एका डोळ्यानं सगळं बघत उभी होती.

पुतळाबाई तशीच गाडीत चढली. केसांत कांद्याची टरफलं, लुगड्याला दिवसभराचा घाम. "आत्याबाई!" म्हणून तिनं म्हातारीचे खांदे धरले.

गवराबाईचं ओरडणं अर्ध्यात तुटलं. नाकपुड्या हलल्या. तिनं सुनेच्या खांद्याशी नाक नेलं, एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग कित्येक महिन्यांत ऐकू आला नव्हता तो खणखणीत आवाज आला.

"दिवं लागलं तरी पत्त्या न्हाई! इतका उशीर करत्यात व्हय गं, पुतळे? जीव टांगणीला लागतो मानसाचा!"

गेनूच्या हातातला कासरा गळून पडला. पुतळाबाईनं पटक्याची गाठ सोडली. सवयीनं तिला एवढंच सुचलं, "मोरीत जाते, आत्याबाई."

"ऱ्हाऊ दे. बस हितंच." म्हातारीनं तिचा पदर मुठीत घट्ट धरला आणि गाडीभोवतीच्या माणसांकडं वळून सांगितलं, "ती अत्तरवाली बाई आली, तर घरी जा म्हनावं तिला. लई सेवा केली बिचारीनं. आता माझी सून आली."